तोंडावरचा हात

सोमवार, ३ फेब्रुवारी

हिरड्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज एक ओळ लिहायची. दात घासताना रक्त आलं का, कुठून आलं, किती आलं. म्हणून ही वही. शाळेच्या कपाटातली, रुंद ओळींची.

आलं. खालून, पुढून. चूळ गुलाबी.

झालं की. पण हात थांबत नाहीये, तेव्हा बाकीचंही लिहून टाकते.

खुणा केलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या मध्ये घालत त्या आकडे सांगत होत्या आणि मदतनीस लिहून घेत होती. "चार, पाच, सात, सात, आठ." मला वाटलं दहापैकी गुण. आठ म्हणजे चांगलेच की. मग कळलं, हे मिलिमीटर. तीनपर्यंत पास, पुढे नापास. हिरडी दातापासून सुटून मध्ये खिसा झालाय, त्यात किटण साचलंय आणि खालचं हाड खचत चाललंय. खालचे पुढचे चार दात सगळ्यात वाईट. त्यातले दोन हलतात. ते मला माहीत होतंच, दिवसभर जीभ तिथेच असते.

आधी भूल देऊन खोलवर साफ करणार. मग सहा आठवडे वाट बघायची. खिसे आटले नाहीत तर शस्त्रक्रिया. हिरडी उघडायची, आतलं सगळं खरवडून काढायचं, परत बसवायची, टाके घालायचे.

"पण मला बोलता येईल ना?" मी विचारलं. "मी बोलायचीच नोकरी करते."

सांगितलं मग त्यांना. कर्णबधिर मुलांची शाळा, सव्वीस वर्षं, ओठ वाचायला शिकवते. माझं तोंड हाच त्या मुलांचा फळा.

"मग इतके दिवस का थांबलात?"

काय सांगणार? दोन वर्षं रक्त येतंय. नळ जोरात सोडला की दिसत नाही. आणि वास येतो. तळहातावर श्वास सोडून बघते, लवंग तोंडात टाकते, पुन्हा बघते. आईचे सगळे दात पन्नाशीच्या आत गेले. त्यानंतरच्या एकाही फोटोत तिचे ओठ उघडलेले नाहीत. मी बावन्न.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. टेबलाशी पेपर वाचत होते. बोलताना तोंडावर हात धरायची सवयच लागलीय मला. सगळं सांगून झालं, तर म्हणाले, "बरं झालं."

बरं झालं! मी उठून आत गेले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आलं.

वर्गात आज पुन्हा तेच. "माळ" म्हटलं आणि मुलांनी "बाळ" लिहिलं, तर मी समजू शकते. प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात. पण "फूल" म्हटल्यावर "दार"? आठातल्या पाच मुलांनी पाच वेगळे शब्द लिहिले. खारूताईने तर माझ्याकडे बघितलंही नाही, शेजारच्या वहीत बघून मोकळी. खारूताई म्हणजे माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, आठ वर्षांची. पुढचे दोन दात एवढे मोठे की हे नाव सगळ्या शाळेने एकमताने ठेवलंय.

कानातल्या यंत्रांचे सेल तपासले. ठीक होते. बाकं हलवून बघितली. उजेड बघितला. माझ्या हातात रुमाल होता, पण तो काही सगळा वेळ तोंडावर नव्हता.

मोठ्या बाई दारातून बघून गेल्या. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

उजवी बाजू साफ केली. डावी पुढच्या शुक्रवारी. ओठ बधिर असल्यामुळे चहा हनुवटीवरून ओघळला आणि मला पत्ताच नाही.

ह्यांचा टीव्ही आज इतका मोठा होता की शेजारच्या वहिनींनी भिंतीवर थाप मारली. मी जाऊन आवाज कमी केला. हे म्हणाले, "बंदच कर ना मग." म्हटलं, "बंद कुठे केलाय?" तर उठून गच्चीत गेले.

लेकीचा फोन आला. हल्ली हे तिच्याशी बोलतच नाहीत. फोन वाजला की माझ्याकडे सरकवतात, "तूच बोल." परगावी एकटी राहते पोरगी, बापाचा आवाज ऐकावासा वाटणार नाही का तिला? तिला खोटंच सांगितलं, बाबा आंघोळीला गेलेत.

शनिवार, १ मार्च

रक्त कमी. वास तसाच, की मला भास होतो? कुणाला विचारायचं? असं विचारण्याइतकं जवळचं माणूस एकच, आणि ते जेवताना टक लावून माझ्या तोंडाकडे बघत असतात. आज मी ताट उचलून ओट्याशी जाऊन उभ्याने जेवले. "काय झालं?" म्हणाले. "काही नाही," मी भिंतीकडे बघूनच म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "काय झालं?" एकदा सांगितलेलं पुरत नाही का माणसाला?

शुक्रवार, २८ मार्च

पुन्हा सळई, पुन्हा आकडे. मागचे दात सुधारलेत, चारावर आलेत. पुढचे हटवादी. सात, सहा, सात, आठ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उघडावं लागेल." एवढं शांतपणे म्हणाल्या, जसं काही कपाटच उघडायचंय.

बुधवार, ९ एप्रिल, सकाळी दहा. बरोबर कुणीतरी हवं असं बजावलंय.

शनिवार, २९ मार्च

तारीख ह्यांना तीनदा सांगितली. एकदा भांडी घासताना, एकदा हे बूट घालत होते तेव्हा, एकदा जेवायच्या वेळी. तिन्ही वेळा "हो हो" म्हणाले. तिसऱ्या वेळी वर "आणतो" असंही म्हणाले. काय आणणार, देव जाणे.

मी टेबलाजवळचा दिवा लावत नाही हल्ली. हे मात्र दर वेळी उठून लावतात. "दिवा असू दे गं, बोलताना काही दिसत नाही." आता बोलायला दिवा कशाला लागतो? पण मला ठाऊक आहे, त्यांना काय दिसायला हवंय. माझं तोंड किती वाईट झालंय, ते.

गुरुवार, ३ एप्रिल

हे लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

खारूताईला जवळ बसवून "भोवरा" शिकवत होते. ती बघत होती, कपाळाला आठ्या घालून बघत होती. मी चारदा म्हटलं. मग ती उठली, माझं मनगट धरलं आणि हात तोंडावरून खाली ओढला. चांगला जोर लावून ओढला आणि माझ्या मांडीवर दाबून ठेवला. दुसऱ्या हाताने माझ्या ओठांकडे बोट केलं. हं, आता बोला.

मी बोलले, "भोवरा."

ती लगेच म्हणाली. तिच्या पद्धतीने, नाकातून, पण स्पष्ट. "भोवरा." तिने नाकही मुरडलं नाही आणि तोंडही फिरवलं नाही.

नवीन शिक्षिका आल्या की पहिल्या दिवशी मीच सांगते, चेहऱ्यावर उजेड ठेवा, तोंडासमोर काही धरू नका, पाठ करून बोलू नका. सव्वीस वर्षं सांगतेय. आणि कितीतरी महिने ही मुलं माझ्या रुमालाकडे बघून शब्द ओळखत होती. त्यांच्या वह्यांची पानं लाल केली मी.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. हिरड्या, वास, शस्त्रक्रिया. त्यांनी खुर्ची माझ्या आणखी जवळ ओढली. "अगं, आम्हाला वाटलं तुझ्या घरी काहीतरी बिनसलंय. तू कुणाशी नीट बोलेनाशीच झालीस." दहा दिवसांची रजा दिली.

घरी काही बिनसलेलं नाही, असं मी म्हणाले. मग घरी आले. हे रेडिओला कान लावून बसले होते. मी आलेलं त्यांना कळलंही नाही, की कळून घ्यायचं नव्हतं.

बुधवार, ९ एप्रिल

सकाळी हे नेहमीसारखे डबा घेऊन छापखान्यात गेले. जाताना म्हणाले, "संध्याकाळी उशीर होईल, मोठं काम आहे." मी दारात उभी. बोलले असते तर रडले असते.

एकटीच गेले. मदतनीस म्हणाली, "सोबत कोण?" मी म्हटलं, "येतायत." दुसरं खोटं.

टोचण्या पाच. मग खालचा ओठ, हनुवटी, जिभेचं टोक, सगळं दुसऱ्या कुणाचं तरी झालं. दुखलं नाही. पण खरवडण्याचा आवाज! तो बाहेरून येतच नव्हता, जबड्याच्या हाडातून थेट डोक्यात जात होता. मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की मदतनीस मुलीने माझी बोटं एकेक करून सोडवली.

मध्येच डॉक्टरीणबाई थांबल्या. म्हणाल्या, "तीन दात वाचतील. हा चौथा नाही. त्याला धरायला हाडच उरलेलं नाही. आत्ता काढला तर बाकीच्यांभोवतीची जखम नीट भरेल. काढू?"

तोंड उघडं, त्यात नळी, कापूस. "थांबा, विचारून सांगते" असंही म्हणता येईना. आणि विचारणार तरी कुणाला? मी मान हलवली. दात किती सहज निघाला. बावन्न वर्षांचं नाही म्हटलं तरी पंचेचाळीस वर्षांचं नातं, आणि एक टक् सुद्धा नाही.

टाके घातले, वरून गुलाबी लेप लावला. तीन दिवस बोलायचं नाही, ओठ ताणायचे नाहीत, गार आणि मऊ खायचं, बर्फाने शेकायचं.

रिक्षाने आले. साडेआठला हे आले आणि दारातच थबकले. माझा गाल केवढा सुजलाय ते तेव्हा मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"हे काय? पडलीस? कुणी मारलं?"

मी वही ओढून लिहिलं, "ऑपरेशन. आज होतं."

"आज? मला सांगितलं का नाहीस?"

मी लिहिलं, "तीनदा सांगितलं," आणि पेन्सिलीचं टोक मोडलं.

त्यांनी ते वाचलं. दोनदा वाचलं. मग बूटही न काढता खुर्चीत बसले. रागाने मला तेव्हा दिसलं नाही, आता लिहिताना वाटतंय, माणूस घाबरला होता.

शुक्रवार, ११ एप्रिल

रक्त: थोडं, लेपाच्या कडेने. सूज निळी पडायला लागलीय.

ह्यांनी छापखान्यातून सुट्टी काढली. न विचारता. मऊ भात केला, दुधात कालवून गार करून दिला. तासातासाला बर्फ बदलतात. घरात एक पाटी होती लेकीच्या लहानपणची, ती पुसून आणून दिली. मी लिहिते, हे वाचतात, उत्तर देतात. आणि कशी उत्तरं! दोन दिवसांत जेवढं बोलले तेवढं दोन वर्षांत बोलले नसतील. छापखान्यात नवीन यंत्र आलंय. जुना फोरमन वारला, हे मला माहीतच नव्हतं. लेकीची आठवण येते म्हणाले. मी लिहिलं, "मग फोनवर का बोलत नाही?" त्यांनी पाटी घेतली, पुसली आणि परत दिली. "पुढचं लिही," म्हणाले.

मला समजत नाही. माझं तोंड बंद झालं तर ह्यांचं उघडलं. इतका कंटाळा आला होता का माझ्या आवाजाचा? दुपारभर ह्याच विचाराने खोलीत येरझाऱ्या घातल्या. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय.

शनिवार, १२ एप्रिल

सकाळी हे ओट्याशी पाठमोरे उभे राहून सफरचंद किसत होते. मला औषधाची बाटली हवी होती, वरच्या फळीवरची. बोलायची बंदी. म्हणून चमच्याने पेल्यावर टकटक केलं. वळले नाहीत. पुन्हा केलं, जोरात. नाही. रुसलेत का? टाळी वाजवली. किसणीवर हात चालूच.

आणि मी जागच्या जागी उभी राहिले. कारण हे मी ओळखते. ही पाठ मी ओळखते. शाळेत नवीन मूल आलं की आम्ही त्याच्यामागे उभं राहून डबा वाजवतो. ज्याला ऐकू येतं त्याची पाठ आधी दचकते, मान नंतर वळते. ज्याला येत नाही त्याची पाठ अशी असते.

मी पिठाचा रिकामा डबा घेतला, दोन पावलं मागे सरकले आणि पळीने हाणला. शेजारच्या वहिनींनी भिंतीवर थाप मारली. हे सफरचंद किसत होते.

मग त्यांना खिडकीच्या काचेत मी दिसले असेन, डबा आणि पळी घेतलेली, सुजलेल्या तोंडाची. वळले. माझ्या हातातला डबा बघितला. सव्वीस वर्षं माझ्या शाळेच्या गोष्टी ऐकलेला माणूस. काय चाललंय ते त्यांना लगेच कळलं.

"कधीपासून?" मी बोललेच. लेप ताणला गेला.

"बोलू नकोस. टाके उसवतील."

"कधीपासून?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. टक लावून, नेहमीसारखे.

"चार वर्षं झाली असतील. यंत्राच्या आवाजाने असेल. आधी उजवा गेला. तुझं कळायचं मला, तुझे ओठ फार स्वच्छ असतात. बाकीच्यांचं निम्मं कळायचं, निम्मं मी जुळवून घ्यायचो. मग तू हात धरायला लागलीस. वाटलं, तू ओळखलंस, म्हणून चिडून लपवतेस. नाहीतर मला बोलण्यासारखं काही उरलंच नाही तुझ्याकडे."

मला रडू येत होतं आणि रडताना ओठ ताणतात. मी पाटी घेतली. कोरीच पुसत राहिले. सफरचंद काळं पडलं.

रविवार, १३ एप्रिल

माझी चिडचिड कमी व्हायला हवी होती, ती वाढलीच आहे. त्यांच्यावर, की सांगितलं नाही. माझ्यावर तर विचारूच नये. शेकडो मुलांचे कान मी तपासले असतील. ऑपरेशनची तारीख सांगितली तेव्हा त्यांनी "आणतो" म्हटलं होतं, त्याचं काय, ते विचारलं. म्हणाले, "तू 'औषध' म्हणालीस असं वाटलं. आणलं होतं की. खोकल्याचं." कपाटात खरंच बाटली आहे, सील न फोडलेली.

पाटीवर लिहिलं, "उद्याच कान तपासायला जाऊ."

"मला काही गरज नाही. माझं चाललंय."

"चाललंय??" दोन प्रश्नचिन्हं.

"तू स्वतःच्या तोंडासाठी दोन वर्षं घेतलीस," ते म्हणाले आणि गच्चीत गेले.

शनिवार, १९ एप्रिल

टाके काढले. आरसा दिला हातात. हिरड्या फिक्या गुलाबी, घट्ट, पण खाली सरकलेल्या. दात लांब दिसतात, मुळांपर्यंत उघडे, मधे एक खिडकी. तिथे पुढे शेजारच्या दातांना चिकटवून खोटा दात बसवणार. "स" म्हटलं की फटीतून शिटी वाजते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सवय होईल. रोज घासणं तेवढं चुकवायचं नाही, आयुष्यभर." आयुष्यभर हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.

सोमवारी वर्गात गेले की रुमाल पर्समध्येच राहील, असं ठरवलंय. बघू. माझा माझ्यावर फारसा विश्वास नाही.

सोमवार, २१ एप्रिल

राहिला. पहिल्या तासाला दोनदा हात वर गेला, दोन्ही वेळा खारूताईने टेबलावर पेन्सिल आपटली. ऐकू येत नसताना ही पोरगी केवढा आवाज करते! आठातल्या सहांनी "फूल" ओळखलं. मग त्यांच्या जुन्या वह्यांमधले माझे लाल शेरे खोडत बसले. काही केल्या पूर्ण जात नाहीत.

शनिवार, १२ जुलै

तीन महिन्यांनी लिहितेय. रक्त नाही. आज सळई फिरली: तीन, तीन, चार. डॉक्टरीणबाई खूश. म्हणाल्या, वही बंद केलीत तरी चालेल.

कान तपासायचं टाळत ह्यांनी मे आणि जून दोन्ही घालवले. आज नाही, उद्या. छापखान्यात काम आहे. पाय दुखतोय. शेवटी लेकच आली, समोर बसून म्हणाली, "बाबा, मी फोनवर बोलते ते तुम्हाला ऐकू यायला हवंय." तिने ओठ नीट हलवून सांगितलं. तेव्हा कुठे आजची वेळ घेतली. माझ्यासोबतच निघाले, माझी तपासणी होईपर्यंत बाहेर बसले, मग आम्ही तिथून कानाच्या दवाखान्यात गेलो.

काचेची छोटी खोली. हे आत, कानांवर जाड हेडफोन. बाहेर तपासणीस मुलगी बटणं दाबणार, आवाज आला की ह्यांनी हात वर करायचा. मी तिच्या मागे स्टुलावर. हात वर जायला लागला. बटण, हात. बटण, हात. मुलगी म्हणाली, "अरे वा, काका तर छान ऐकतायत." माझ्या मनात आलं, संपलं, वेडी मीच. तीन महिने ह्यांचा जीव खाल्ला.

मग मला दिसलं. हे डोळे मिटत नव्हते. काचेतून त्या मुलीचा खांदा बघत होते. बटण दाबताना तिचा खांदा किंचित खाली जायचा.

गप्प बसता आलं असतं. इतक्या वर्षांचं त्यांचं जुळवून घेणं, तेही आता इतकं सफाईदार. बाहेर येऊन म्हणाले असते, "बघ, काही नाहीये मला," आणि आम्ही घरी गेलो असतो.

"त्यांची खुर्ची भिंतीकडे फिरवा," मी म्हटलं.

फिरवली. त्यांनी फिरताना एकदा माझ्याकडे बघितलं. मग फक्त पाठ. हात गुडघ्यांवर. मुलीने बटण दाबलं. दाबलं. आकडा वाढवला, दाबलं. ती माझ्याकडे बघायचं टाळत होती. कितीतरी वेळाने उजवा हात वर आला, अर्धाच, परवानगी मागितल्यासारखा.

बाहेर आले ते रागातच. "तूच सांगितलंस ना खुर्ची फिरवायला?"

"हो."

"मग? काय म्हणाली ती?"

दवाखान्याच्या पायऱ्यांवर ऊन होतं. मी एक पायरी खाली उतरले, त्यांच्याकडे तोंड केलं आणि सगळं सांगितलं. उजवा जवळजवळ गेलाय, डावाही थोडाच उरलाय, दोन्हीला यंत्र लागेल, गेलेलं परत येणार नाही, पण राहिलेलं राखता येईल. सावकाश, पूर्ण तोंड उघडून. लांब झालेले दात, चिकटवलेला दात, "स"ची शिटी, सगळं त्यांच्यासमोर. ते बघत होते. एकदा "काय?" म्हणाले. मी परत सांगितलं.

"यंत्र दिसेल का गं बाहेरून?"

"दिसेल."

"बरं."

चालत निघालो. घर पाऊण तासावर, पण आज दीड तास लागला. काही बोलायचं झालं की दर वेळी थांबून एकमेकांकडे वळावं लागत होतं, आणि बोलायचं खूप होतं.